हातावरचं ताक

मार्गशीर्ष अर्धा सरला की आमच्या कोरीटच्या हवेला नखं फुटतात. शहाद्याहून निघालेली बस प्रकाशाला तापीचा पूल ओलांडते, दोन्ही अंगांना केळी आणि ऊस गारठ्यात निमूट उभे असतात, खिडकीतून येणारा वारा अजून गोड लागत असतो. आणि मग एखाद्या वळणावर, डोळ्यांना काही दिसण्याआधीच, बसमधलं कुणीतरी खोकतं. त्याच्यामागून दुसरं. बायकांचे पदर नाकाशी जातात, कंडक्टर तिकिटाचं यंत्र काखेत धरून रुमाल शोधू लागतो. मिरची खळ्यावर आली, हे आमच्याकडे तोंडाने सांगावं लागत नाही. घसाच ते सांगतो.

यंदाही तसंच झालं. शनिवारचं कॉलेज आटोपून मी माहेरी निघाले होते. शहाद्याला मराठी शिकवते त्याला आता पंचवीस वर्षं होतील. हा ठसका लागला की माझ्यातली शिक्षिका, माझ्यातली कवयित्री अशा मोठ्या नावांच्या सगळ्या बायका बसमधून उतरून जातात आणि सातवीतली एक मुलगी तेवढी खिडकीशी उरते. मला ती मुलगी आवडत नाही.

घरामागे आमचं खळं आहे. सारवलेल्या जमिनीवर मिरची पसरलेली असते. पहिल्या दिवशी ती ओली, चकचकीत, जवळजवळ खोटी वाटावी इतकी लाल असते. आठ दिवसांत तिच्यावर सुरकुती चढते, रंग खाली बसतो, उन्हाचा सगळा राग आत साठवून ती गप्प होते. पायाने उलथली की बिया खुळखुळतात. या खुळखुळण्यावर मी एकदा कविता लिहिली होती. तिच्यात ऊन होतं, खळं होतं, धरतीवर अंथरलेला लाल गालिचा होता. एका दिवाळी अंकाने ती चौकटीत छापली. पुढे कितीतरी जणांनी मला त्या गालिच्याबद्दल कळवलं. आता तर ड्रोन उडवून वरून फोटो काढतात, आणि दर हिवाळ्यात ते आमच्या मोबाइलवर फिरत राहतात: बघा, आपला जिल्हा किती सुंदर. सुंदर आहेच. त्या उंचीवरून माणसं ठिपक्यांएवढी दिसतात आणि हात तर दिसतच नाहीत. माझ्या कवितेतही ते दिसले नव्हते, आणि मी तर ती जमिनीवर उभी राहून लिहिली होती.

हातांविषयी मला सांगितलं पाहिजे. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचा हात दिवसभर फारसा तक्रार करत नाही. बोटांची चाल लागलेली असते, देठ टिचकन तुटतो, ढीग इकडचा तिकडे होतो. हात जागे होतात ते काम थांबल्यावर. आधी नखांच्या कडा, मग बोटांच्या बेचक्या, मग तळहाताच्या रेषा एकेक करून पेटत जातात. ठणका मनगटापर्यंत येतो. माणूस सवयीने पाण्याकडे धावतो आणि पाणी लागताच आग दुणावते. झोपेतही त्या बायका हात अंगापासून दूर ठेवून निजतात, दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसे. तेल लावलं तर बरं वाटतं, ताक लावलं तर त्याहून बरं.

आमच्या घरी ताक मिळायचं. हा आमच्या घराचा लौकिक होता. दुसऱ्या खळ्यांवर बायका चुलीतली राख चोळून घेत, कुणी नुसत्या मातीत हात खुपसून बसत. आमच्याकडे मात्र दिवस कलला की मागच्या ओसरीवर मोठीमाय पातेलं घेऊन बसे. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. घर तिच्या शब्दावर चाले. खुडणाऱ्या बायका पायरीखाली रांगेने येत, ओंजळ पुढे करत, आणि मोठीमाय वरून, चांगल्या हातभर उंचीवरून, एकेकीच्या ओंजळीत एकेक ओगराळं ताक सोडी. बाई बाजूला होऊन ते कोपरापर्यंत चोळी. ते ताक तीन-चार दिवसांचं असे, आंबट ढाण, पाणी घालून वाढवलेलं. आम्ही पीत होतो ते ताजं, लोण्याची कणी तरंगणारं ताक आत लहान मडक्यात असे. पातेल्यातलं जे उरे ते म्हशीच्या आंबोणात जाई. पण ते मिळत होतं हे खरं, आणि त्याबद्दल आमचं नाव घेतलं जाई. चांगुलपणाचीसुद्धा एक उंची ठरलेली असते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

पाणीही तसंच वरून. कारण विचारलं की उत्तर तयार: हाताला मिरची आहे, माठात उतरेल. मला हे पटायचं. मुलांना घरातली कारणं पटतातच. पण त्याच दिवसांत माझी आई आणि मोठीमायही सांडग्यांसाठी, लोणच्यासाठी मिरच्या चिरत, आणि तेच हात माठात पेला बुडवत. पुढच्या हंगामात त्याच बायका कापूस वेचायला आल्या. कापसाने हात पांढरे होतात, त्यांना कसलाच वास येत नाही. तरी पाणी वरूनच पडत राहिलं. यावेळी कारण होतं, हाताला माती आहे. कारणं हंगामाप्रमाणे बदलत होती आणि ओगराळ्याची उंची तीच होती. मला संताप येतो तो या कारणांचा. सरळ तोंडावर म्हणालो असतो की तुम्ही आमच्या भांड्याला शिवायचं नाही, तर निदान त्या नकाराला स्वतःचं नाव असतं. आम्ही स्वच्छतेचं नाव घेतलं, आरोग्याचं घेतलं, त्यांच्या स्वतःच्या सोयीचंसुद्धा घेतलं.

मी सातवीत होते त्या हंगामात नवापूरकडच्या डोंगरातून नऊ बायका आमच्याकडे आल्या. बांधावर त्यांची दोन छपरं उभी राहिली. त्यांच्यातली वडीलधारी सुनकीबाई दर वर्षीची. ती सगळ्यांच्या वतीने बोले, आमच्याशी आमच्या अहिराणीत आणि आपसांत त्यांच्या बोलीत. रविवारी त्या कामावर येत नसत. छपराशी बसून प्रार्थनेची गाणी म्हणत, आणि मोठीमाय दर रविवारी त्यावरून कुरकुरत असे. त्या वर्षी नवी आलेली होती रमिला. एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिच्यासोबत दोन-तीन महिन्यांचं लेकरू होतं. दिवसभर ते कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असे, खळ्यापासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला. ते रडलं की रमिला उठे, आधी मातीत हात घासे, मग गवतावर पुसे, आणि तरीही बोटं न लावता, मनगटांनीच पदर सारून, कोपरांच्या बेचक्यात त्याला उचलून पाजायला बसे. बोटं हवेत उघडी. मी हे पाहिलं होतं. मला ते गमतीदार वाटलं होतं.

तिचा तो कामाचा पहिलाच दिवस संपत होता. रांग लागली. पुढच्या चौघी ताक घेऊन भिंतीच्या कोपऱ्यामागे गेल्या होत्या, त्या त्याचं काय करतात ते रमिलाने पाहिलं नसावं. तिचं लक्ष झोळीकडे होतं. तिची पाळी आली. मोठीमायने ओगराळं कलतं केलं. रमिलाने ओंजळीत पडलेल्या ताकाकडे पाहिलं, मान लववली, आणि एका घोटात ते पिऊन टाकलं. वर हाताच्या पाठीने ओठ पुसले.

क्षणभर काही झालं नाही. मग तिचं तोंड उघडलं आणि श्वास आत ओढला गेला तो बाहेर येईना. दिवसभराची मिरची त्या घोटातून तिच्या जिभेवर, घशात, आणि पुसण्यातून ओठांवर उतरली होती. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“अव माय,” मोठीमाय म्हणाली, “ते हातले लावाले दिधं व. पेवाले नही.”

रमिलाने तिच्याकडे वर पाहिलं. आमची भाषा तिला जेमतेम येत होती. श्वास सापडल्यावर ती एवढंच म्हणाली, “ताक दिधं, म्हनीसन पिधं.”

ताक दिलंत, म्हणून प्याले. याच्याइतकं सरळ वाक्य आमच्या त्या ओसरीवर कधी बोललं गेलं नसेल. त्यावर आम्ही हसलो. पहिलं हसू काकांचं, झोपाळ्यावरून. मग त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांचं, मग आतून दाराशी आलेल्या बायकांचं, आणि मग माझं, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत उशिरा थांबलेलं. आमच्याच देवघरात दर एकादशीला तळहातावर तीर्थ घेतलं जाई आणि ओठांशी नेलं जाई. ओंजळीत पडलेलं पिण्यासाठी असतं, हे आम्हांला जन्मल्यापासून शिकवलेलं होतं. त्या ओसरीवर त्या घटकेला हे ज्ञान फक्त एका बाईने पाळलं, आणि वेडी ती ठरली.

पुढचं सांगताना आजही माझे कान तापतात. चार दिवसांनी सुरतहून मामा आले. जेवणं झाल्यावर कुणीतरी विषय काढला आणि मी उठून नक्कल केली. ओंजळ, लववलेली मान, घोट, उघडलेलं तोंड, बाहेर काढलेली जीभ, तिच्यासमोर हलवलेले दोन्ही हात. वाक्य मी तिच्याच हेलात म्हटलं. मामांचे डोळे हसून हसून पाणावले. पोरगी कलावंत होईल, असं त्यांनी बाबांना सांगितलं आणि मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यातली ती पहिली वाहवा. त्यानंतरच्या बक्षिसांची प्रमाणपत्रं मी फायलीत लावून ठेवली आहेत. पहिली दाद मिळाली ती या कलाकृतीला, आणि तिची नोंद कुठेच नाही.

मग ती नक्कल घरात रुळली. हळदीच्या दिवशी, बारशाला, दिवाळीच्या फराळाला, कुणी ना कुणी म्हणे की ते ताकाचं होऊ दे. मी तिच्यात सुधारणा करत गेले. खऱ्या रमिलाने जीभ बाहेर काढली नव्हती, ती माझी भर. ताकाचं दुसरं ओगराळं मागणारा एक लाडिक प्रवेश मी जोडला, तो तर घडलाच नव्हता. आणि झोळी गाळली. लेकरू मध्ये आलं की हसू अडखळतं, एवढी कारागिरी मला बाराव्या वर्षी अवगत होती.

दोन-तीन वर्षांनी मी थांबले. कळलं म्हणून थांबले असं म्हणायला आवडलं असतं. खरं तर मोठी झाले, आणि मोठ्या मुलींनी जीभ बाहेर काढायची नसते. नक्कल माझ्या धाकट्या भावाकडे गेली.

तर या शनिवारी घरी पोचले तेव्हा खळ्यावर सात-आठ जणी देठ खुडत होत्या. ताकाचं पातेलं आता नाही. वहिनी खोबरेल तेलाची बाटली घेऊन ओसरीवर येते आणि पायरीखालच्या हातांवर वरून धार सोडते. मी बाटलीचं तोंड आणि तळहात यांच्यामधलं अंतर पाहत राहिले. ते तेवढंच आहे. वहिनी प्रेमळ बाई आहे, या बायकांची मुलं आजारी पडली तर स्वतः दवाखान्यात नेते. तिला मी हे दाखवलं तर ती गोंधळून जाईल. अंतर तिने ठेवलेलंच नाही. ते तिला त्या ओसरीवर आयतं मिळालं आहे.

भावाची मुलगी ईश्वरी नववीत आहे, नंदुरबारला शाळेत जाते. ती माझी वाटच पाहत होती. बुधवारी शाळेत विनोदी कथाकथनाची स्पर्धा होती आणि तिची गोष्ट तयार होती. फक्त शेवट ठसत नव्हता.

“फुई, तू लिखस ना, मंग माले शेवट करी दे,” ती म्हणाली. फुई म्हणजे आत्या.

माजघरात पलंगावर मोठीमाय पडलेली होती. ऐंशी उलटली, गुडघे गेले, कान तेवढे शाबूत. तिच्या पायाशी मी बसले. ईश्वरीने ओढणी कमरेला खोचली, समोर उभी राहिली, आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.

मला पुढचं सगळं माहीत होतं. मान किती लवणार, घोट किती मोठा वाजणार, जीभ कधी बाहेर येणार. या मुलीने रमिलाला पाहिलेलं नाही. तिच्या बापानेही धड पाहिलेलं नाही, तो तेव्हा चार वर्षांचा होता. ओंजळ वळवणारं ते मनगट माझं होतं, बारा वर्षांचं. आम्ही दागिने वाटून घेतले तेव्हा एकेक वाटी, एकेक तोडा यावरून किती बोललो होतो; आणि हा वारसा कुणी न मागता, कुणी न देता, असा अंगाअंगांतून खाली उतरत आला होता.

मोठीमाय पलंगावर हसत होती. हसता हसता तिला खोकला आला.

मी ईश्वरीला विचारलं की हे आणखी कुणाला करून दाखवलंस का. वर्गात दाखवलं, म्हणाली. तिच्या बाकावर अनिषा बसते, नवापूर तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी, गणितात पहिली. दोघींचं फार गूळपीठ आहे. डबा एकत्र, दुखणी एकत्र.

“अनिषा हासनी का?”

“हासनी,” ईश्वरी म्हणाली. मग थोडं थांबून, “पन मंग पानी पेवाले निंघी गयी.”

पाणी प्यायला निघून गेली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही ते कुठेतरी टोचलं असावं, नाहीतर एवढी बारीक गोष्ट लक्षात राहत नाही. ही गोष्ट स्टेजवरून सांगू नकोस, असं मी तिला सांगितलं. माझा आवाज मला वाटला होता त्याहून कडक निघाला. ईश्वरीचा चेहरा पडला. तेव्हा मोठीमाय पलंगावरून बोलली, शांतपणे, मला समजावत.

“काय व्हयनं त्यामा? हासनूत फकत. मारं तं नही काही.”

फक्त हसलो. मारलं तर नाही.

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. क्रूरपणा मोजायची आमची पट्टी मारापासून सुरू होते. त्याच्या अलीकडचं सगळं गंमत. एसटीत डोंगरातला म्हातारा तिकिटाचं गाव पुन्हा सांगतो, कंडक्टर त्याचा हेल काढून तेच गाव साऱ्या बसला ऐकवतो, आणि बस हसते. सरकारी खिडकीशी एखादी बाई स्वतःचं नाव सांगते, आतला माणूस शेजारच्याला कोपर मारून म्हणतो, हे काय नाव आहे, पुन्हा सांग. ती पुन्हा सांगते. माझ्या स्वतःच्या वर्गात अक्कलकुव्याकडच्या एका मुलाने उत्तर दिलं आणि मागच्या बाकांनी ते त्याच्या उच्चारांसकट परत म्हटलं. मी डस्टर आपटलं, शांतता म्हटलं आणि माणुसकीवरच्या कवितेचं पुढचं कडवं शिकवायला घेतलं. तो मुलगा वर्षभर पुन्हा बोलला नाही. परीक्षेत पास झाला, त्यामुळे काही बिघडलं नाही असं सगळ्यांनी धरलं. हसण्याला वळ उठत नाहीत. ज्याच्यावर हसलं जातं त्याने हसूनच घ्यावं लागतं, नाहीतर त्याला गंमत कळत नाही असा वर ठपका. मारणारा निदान हात दुखल्यावर थांबतो.

ऐंशी वर्षांच्या बाईशी भांडून मला स्वतःला सोडवून घ्यायचं नव्हतं. मी ईश्वरीला बसवलं आणि म्हटलं, तुझा शेवट जमत नाही कारण तो शेवट नाहीच. त्यानंतर काय झालं ते ऐक. इतक्या वर्षांत ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर रमिला पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. ओठ सुजले होते, हात कोपरांपासून पुढे धरलेले. सगळ्या झाल्यावर ती पायरीशी आली आणि ओंजळ केली. मोठीमायने सांगितलं की एकीला एकच, तुझं झालं. हे ती रागाने म्हणाली नाही. नियम होता. पातेल्यात दोन-तीन ओगराळी ताक शिल्लक होतं. तिने ते माझ्या हाती दिलं आणि मी ते गोठ्यात नेऊन म्हशीच्या आंबोणात ओतलं. मीच ओतलं.

गोठ्याच्या दारातून कडुनिंब दिसत असे. झोळीत लेकरू रडत होतं, भुकेचं, आणि रमिला त्याच्यासमोर उभी होती. मनगटांनी उचलावं तर ठणका मनगटांपर्यंत चढलेला. तोंड जवळ न्यावं तर ओठांवर मिरची. ती नुसती उभी होती. सुनकीबाई कोपऱ्याकडून आली. तिचे हात ताकाने अजून ओले होते. तिने रमिलाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि चोळू लागली. स्वतःच्या हातावरचं तिच्या हातावर. मग दुसरी आली, मग तिसरी. आठही जणींनी आपापल्या तळहातांवर उरलेली ओल अशी तिच्या बोटांना, बेचक्यांना, मनगटांना पुसली. त्यांचे स्वतःचे हात त्या रात्री किती ठणकले असतील ते मला माहीत नाही.

मग सुनकीबाईने त्यांच्या बोलीत काहीतरी म्हटलं, आणि उजवा हात डोक्याच्याही वर नेऊन, मान ताठ, डोळे अर्धे मिटून, ओठांचा चंबू करून, एक न दिसणारं ओगराळं मोठ्या डौलात कलतं केलं. बोली मला कळत नव्हती. पण ती मोठीमाय होती, हुबेहूब. सगळ्या हसल्या. रमिला हसली. रडतच हसली, आणि मग खाली बसून तिने लेकराला घेतलं.

माजघरात मोठीमायचे डोळे आढ्याकडे होते. ती जागी होती.

ईश्वरीने विचारलं, “मंग हाई तू कधी काबर नही सांगं?”

“तठे हासाजोगा आपन व्हतूत,” मी म्हटलं, “म्हनीसन.”

हसण्यासारखे तिथे आपण होतो, म्हणून. हे मला उच्चारायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि निघालं ते माझ्या छापील मराठीत निघालं नाही.

पहाटे मी खळ्यावर गेले. रविवार होता, खुडणाऱ्या बायका आलेल्या नव्हत्या. मिरचीवर दव पडलं होतं आणि त्यामुळे तिचा वास जमिनीलगत दबून होता. कडुनिंब आहे तिथेच आहे, झोळीची फांदी मात्र केव्हाच छाटली गेली. मी रमिलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. उंच होती का? नाकात चमकी होती का? डोळ्यांसमोर येतं ते उघडलेलं तोंड आणि बाहेर आलेली जीभ, म्हणजे मी केलेली नक्कल. आरशात पाहून पाहून घोटलेला माझाच चेहरा तिच्या जागी येऊन बसला आहे आणि तो हलत नाही. एका माणसाचं तोंड आम्ही काढून घेतलं आणि त्या जागी आमचं बसवलं. याला आमच्या मोजपट्टीत काय म्हणतात? मारलं तर नाही काही.

बुधवारी मी कॉलेजात होते. मधल्या सुट्टीत ईश्वरीचा फोन आला, तिच्या बाईंच्या मोबाइलवरून. तिने ती गोष्ट सांगितली होती, कडुनिंबापर्यंत. ओंजळीचा भाग आला तेव्हा सभागृह हसायला तयार झालं, पण तिने जीभ बाहेर काढली नाही, तशी माणसं चुळबुळू लागली. हातांचा भाग आला तेव्हा परीक्षकांपैकी एकजण घड्याळ पाहत होते. नंबर आला नाही. स्पर्धा विनोदी होती, असं तिला नंतर सांगण्यात आलं. फक्त सुनकीबाईने ओगराळं कलतं केलं तेव्हा मागच्या रांगांमधून, वसतिगृहाच्या मुली बसतात तिथून, मोठं हसू आलं. सगळ्यांत जोरात अनिषा.

“आनि फुई,” ईश्वरी म्हणाली, “अनिषा इचारी ऱ्हायनी, त्या लेकरूनं नाव काय व्हतं?”

मी तिला थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी फोन करते म्हटलं. स्टाफरूमच्या बाहेर जाऊन मी घरी फोन लावला, वहिनीला म्हटलं, मोठीमायच्या कानाशी धर. तिला विचारलं. श्वास ऐकू येत होता. ती खरंच आठवत होती. त्या वर्षी दारात दोन म्हशी होत्या, म्हणाली, एक चांदी आणि एक बिजली. बिजलीला त्याच हंगामात पारडू झालं होतं, त्याचं नाव सोनी. लेकरू मुलगा होता की मुलगी हेही तिला ठाऊक नव्हतं. रमिलाच्या लेकराचं मी विचारते आहे, मी पुन्हा म्हटलं. मग वहिनीने फोन आपल्या कानाला घेतला.

मी ईश्वरीला परत फोन केला. माहीत नाही, म्हटलं. कुणी विचारलंच नव्हतं.

तिने फोन कानापासून दूर नेला असावा. शाळेच्या पटांगणाचा गोंगाट मध्येच मोठा झाला, आणि त्या गोंगाटातून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. शेजारी उभ्या असलेल्या अनिषाला ती आमच्याविषयी सांगत होती:

“त्यास्ले मालूम नही.”